नगरपालिकेच्या सभागृहातील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उच्चारताच आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर पुण्यातील भिडे वाडा उभा राहतो. १८४८ सालची ती मुलींची शाळा, अंगावर शेण-चिखल झेलीत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई, सनातन्यांचा रोष आणि वडिलांचे घर सोडून निघालेले एक तरुण जोडपे, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांच्या भिंतींवर आणि मनांवर कोरले गेले आहे. ते तसे कोरले जाणे सर्वथा योग्यच होय. परंतु जोतीरावांच्या आयुष्यातील आणखी काही वर्षे अशी आहेत की ज्यांची वाच्यता आपल्या सभासंमेलनांतून क्वचितच होते. १८७६ पासून पुढे सुमारे सहा वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. चरित्रग्रंथांत हा काळ बहुधा दोन-चार परिच्छेदांत आटोपतो आणि लेखणी लगेच सत्यशोधक समाजाकडे किंवा ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाकडे वळते. आम्हांस मात्र असे वाटते की, पदरमोड करून शाळा काढणारे जोतीराव आणि नगरपालिकेच्या सभागृहात एकट्याने हात वर करणारे जोतीराव, या दोघांना एकत्र पाहिल्यावाचून त्यांच्या शिक्षणविचाराचा गाभा आपल्या हाती लागत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांचे जीवन या दृष्टीने वाचकांपुढे मांडीत आहोत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पुण्यास आल्यावर पेशव्यांकडे फुले पुरविण्याचा व्यवसाय घराण्यात आला व त्यावरून फुले हे नाव रूढ झाले. मूल वर्षाचेही नसताना मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाईंनी या बाळाला आईच्या मायेने वाढविले. वडील गोविंदराव यांनी मुलास मराठी शाळेत घातले खरे, पण दुकानातील एका कारकुनाच्या सल्ल्याने त्यास शाळेतून काढलेही. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, असा त्या काळचा रोकडा हिशेब होता. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन सद्‌गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. म्हणजे ज्या पुरुषाने पुढे लाखोंच्या शिक्षणाचा प्रश्न उभा केला, त्याचे स्वतःचे शिक्षण दोन शेजाऱ्यांच्या सदिच्छेवर टिकले होते. ते शेजारी भेटले नसते तर काय, हा प्रश्न जोतीरावांच्या मनात कधी आला असेल काय, हे आज सांगता येणार नाही. पण त्यांच्या पुढील आयुष्याचा ओघ पाहिला म्हणजे, मुलाचे शिक्षण अशा योगायोगावर अवलंबून राहू नये याच दिशेने तो वाहत गेला, असे आमच्या ध्यानी येते.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत शूद्र म्हणून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी अहमदनगर येथे मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यास परतून स्वतःची शाळा उघडली. सावित्रीबाईंना त्यांनी घरीच शिकवून तयार केले होते. त्या शिक्षिका झाल्या. विरोध वाढला, १८४९ मध्ये घर सुटले, आणि उस्मान शेख यांनी या दांपत्यास आसरा दिला. फातिमा शेख याही सावित्रीबाईंच्या बरोबरीने अध्यापनात उतरल्या. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत तिसरी निघाली. महार, मांग आदी समाजांतील मुलांसाठी निराळ्या शाळा उघडल्या आणि त्या चालविण्यासाठी रीतसर मंडळी स्थापन झाली. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या शाळांच्या जाहीर परीक्षा होत. फेब्रुवारी १८५२ मध्ये विद्यार्थिनींची परीक्षा लोकांसमक्ष घेण्यात आली. शाळा उघडली की काम संपले, असे जोतीरावांनी मानले नाही. मुले खरोखर काय शिकली हे लोकांपुढे सिद्ध व्हावे, हा त्यांचा आग्रह प्रथमपासून होता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

सत्काराने मान मिळतो, पण शाळेचे भाडे भागत नाही. शिक्षकांचा पगार, जागेचे भाडे, पाट्या-पुस्तके, सगळ्याला पैसा लागे. दक्षिणा फंडातून दरमहा पंचाहत्तर रुपयांची मदत मिळू लागली. बाकीचा भार देणगीदारांवर होता आणि त्यांत युरोपियन अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. १८५७ चा उठाव झाला आणि या देणग्या आटल्या. मंडळीतील सहकाऱ्यांशी मतभेदही झाले होते. कालांतराने मुलींच्या शाळा शिक्षण खात्याकडे गेल्या. अस्पृश्य मुलांची शाळा कशीबशी तग धरून राहिली, पण तिची स्थिती समाधानकारक राहिली नाही, असे जोतीरावांनीच पुढे सरकारला कळविले. ज्यांनी एखादी शिक्षणसंस्था चालविली आहे, त्यांना या चार ओळींमागचे दुःख सांगावे लागणार नाही. ज्या शाळेसाठी घर सोडले, दगड खाल्ले, ती शाळा दात्यांचे मन फिरले किंवा काळ फिरला की दुबळी होते, हा धडा जोतीरावांना ऐन तिशीत मिळाला.

तरीही त्यांचे काम थांबले नाही. मुलाचा विचार त्यांनी शाळेच्या उंबरठ्याबाहेरही केला. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणूक झालेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल जगावे, यासाठी ही सोय होती. त्या बाळांची देखभाल सावित्रीबाई करीत. त्यांतीलच एक मूल या दांपत्याने दत्तक घेतले. ते यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात खेडोपाडी माणसे अन्नान्न करीत असताना समाजाने अन्नछत्रे चालविली, आणि धनकवडी येथे मुलांसाठी बालाश्रम उघडला. उपाशी मुलाला आधी भाकर हवी, हे ज्यांना कळत होते त्यांनाच त्याच्या हाती पाटी देण्याचा अधिकार होता, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. निवासी शाळेत वाढलेल्या आपणांस या विधानाचा अर्थ वेगळा समजावून देण्याची आवश्यकता नाही.

याच दुष्काळाच्या सुमारास, १८७६ साली, सरकारने जोतीरावांची पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमणूक केली. तोवर ते नामांकित कंत्राटदार झाले होते. खडकवासला धरणासारख्या कामांस माल पुरविण्याची कंत्राटे त्यांनी घेतली होती. त्यामुळे सार्वजनिक कामाचा पैसा कोठून येतो, कोणत्या हातांतून जातो आणि कोठे मुरतो, याची त्यांना पुरती जाण होती. बांधकामावर घाम गाळणारा मजूर आणि त्याच्या मुलाबाळांची स्थिती त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली होती. ही शिदोरी घेऊन ते सभागृहात आले.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी लोकनियुक्त नव्हती. सभासद सरकार नेमी आणि ते बहुधा सरदार, सावकार, पेन्शनर, वकील अशा प्रतिष्ठितांतून निवडले जात. रस्ते, दिवाबत्ती, पाणी, साफसफाई यांवर खर्च होई. हा पैसा शहरातील सर्व थरांच्या लोकांकडून, कष्टकऱ्यांकडूनही, कररूपाने गोळा होत असे. तो खर्च कोणावर आणि कशासाठी व्हावा, हे मात्र मूठभर मंडळी ठरवीत. जोतीरावांनी सभागृहात बसून विचारलेला मूळ प्रश्न हाच होता.

या प्रश्नाची कसोटी लागली ती व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या वेळी. बड्या पाहुण्याच्या स्वागतासाठी शहर सजवावे आणि त्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्यास मंजुरी द्यावी, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. करदात्यांचा पैसा अशा शोभेवर न उधळता पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्च करावा, अशी भूमिका जोतीरावांनी घेतली. सभागृहात बत्तीस सभासद होते. मतदान झाले तेव्हा प्रस्तावाविरुद्ध एकच मत पडले, ते जोतीरावांचे. येथे आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. जोतीराव लोकांनी निवडून दिलेले सभासद नव्हते, सरकारनेच त्यांना नेमले होते. व्हाइसरॉय हा त्या सरकारचा सर्वोच्च अधिकारी. स्वतः कंत्राटदार असल्यामुळे सरकारी मर्जी ही त्यांच्या धंद्याचीही गरज होती. गप्प बसणे सर्व बाजूंनी सोयीचे होते. तरी ते गप्प बसले नाहीत.

दुसरा प्रसंग दारूच्या दुकानांचा. सरकारी महसूल वाढावा म्हणून पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली होती. १८८० साली जोतीरावांनी याविरुद्ध नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या प्रमुखांस पत्र लिहिले. नगरपालिका शहराच्या आरोग्यासाठी एका हाताने खर्च करीत असता, दुसरीकडे शहरातील कुटुंबांची धूळधाण करणारी दुकाने वाढत जावीत, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. बाप गुत्त्यात आणि मूल उपाशी, अशा घरात शाळेची फी भरली जात नाही आणि पाटीही टिकत नाही. म्हणून मुलांच्या भल्याचा विचार शाळेपुरता मर्यादित ठेवता येत नाही, हे जोतीरावांना उमगले होते.

तिसरा प्रसंग मंडईचा. पुण्यात भव्य मंडईची इमारत उभारण्याचा बेत पुढे आला. जोतीरावांनी आणि त्यांच्या विचारांच्या सभासदांनी त्यास विरोध केला. शहरातील बहुसंख्य मुले अक्षरशत्रू असताना एवढी मोठी रक्कम इमारतीत घालण्याऐवजी ती शिक्षणासाठी वापरावी, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमत पुन्हा दुसऱ्या बाजूला राहिले. १८८६ साली मंडई उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले.

या तिन्ही प्रसंगांत जोतीरावांच्या हाती तात्कालिक यश लागले नाही, हे मान्य केले पाहिजे. मग त्या सभासदत्वाचे मोल काय? आमच्या अल्पमतीनुसार मोल असे की, शिक्षण हा नगरपालिकेच्या खर्चाचा विषय आहे, आणि तो शोभेच्या किंवा इमारतीच्या खर्चाशी ताडून पाहण्याचा विषय आहे, ही गोष्ट त्यांनी सभागृहाच्या कामकाजात आणली. तोवर गरिबांचे शिक्षण म्हणजे मिशनऱ्यांचा परोपकार, धनिकांचे दान किंवा सरकारची कृपा असे समजले जाई. कराच्या पैशातून त्याचा हिस्सा हक्काने मागणे ही नवी भाषा होती. एकट्याच्या मताने प्रस्ताव पडत नसतो, पण पुढे जाब विचारणाऱ्यांस आधार मिळतो.

या अनुभवाचे सार जोतीरावांनी १८८२ साली एका निवेदनात मांडले. ते वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे होते. मे महिन्यात लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्य संस्थांचा विस्तार करण्याचा ठराव प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोगाने देशभर साक्षी घेतल्या. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगाला निवेदन सादर केले. त्यात आपली ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि पुण्याचा नगरपालिका सभासद अशी करून दिली. म्हणजे हे निवेदन ते जसे जुने शाळाचालक म्हणून लिहीत होते, तसेच स्थानिक संस्थेचा कारभार आतून पाहिलेला माणूस म्हणूनही लिहीत होते.

निवेदनाचा पाया आर्थिक आहे. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते, आणि तिच्यातून शिक्षणावर होणारा खर्च मात्र मुख्यतः वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांनी दाखविले. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या झिरपत झिरपत खालपर्यंत पोचेल, हा सरकारचा सिद्धांत अनुभवाने खोटा ठरला आहे, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. म्हणून ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची प्रमुख मागणी होती. जेथे जातिभेदामुळे महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसू दिले जात नाही, तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात, असेही त्यांनी सुचविले. भेद मान्य असल्यामुळे ही सूचना आलेली नाही. भेद संपेपर्यंत मुलांची वर्षे वाया जाऊ नयेत, ही तिच्यामागची तळमळ होय.

त्यानंतर ते बारीकसारीक व्यवस्थेकडे वळतात, आणि तेथे त्यांचा कारभारी पिंड दिसतो. शिक्षक प्रशिक्षित असावा. त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये मिळावेत. तो शक्यतो शेतकरी समाजातून आलेला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास त्याला लाज वाटू नये, खालच्या थरांतील लोकांत तो मिसळणारा असावा. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत. वर्षातून एकदा होणारी तपासणी पुरेशी नाही. ती दर तिमाहीस व्हावी आणि मधूनमधून पूर्वसूचना न देता व्हावी. ज्या वर्गात शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तेथील मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत. १८५२ साली जाहीर परीक्षा घेणारा हा तरुण तीस वर्षांनीही तोच आग्रह धरून होता, फक्त आता त्याचा पट चार वाड्यांऐवजी सबंध इलाख्याएवढा झाला होता.

शाळांची संख्या कशी वाढवावी, यासाठी त्यांनी जे उपाय दिले त्यांत आम्हांस या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. देशी शाळा प्रशिक्षित शिक्षकांकडून चालत असतील तर त्यांना सढळ अनुदान द्यावे. शेतसाऱ्याबरोबर वसूल होणाऱ्या लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा. प्रांतिक किंवा मध्यवर्ती तिजोरीतून पुरेशी मदत मिळावी. आणि आपापल्या हद्दीतील सर्व प्राथमिक शाळा चालविणे नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक करावे. सहा वर्षे सभासद म्हणून बसलेल्या, एकट्याने मत देऊन हरलेल्या माणसाची ही मागणी आहे, हे आपण विसरू नये. सभासदांच्या मर्जीवर शाळा सोडली तर मर्जी कोणीकडे झुकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. देणगीदाराच्या मर्जीचा अनुभव तर त्यापूर्वीच घेतला होता. म्हणून त्यांनी दोन्ही मर्जी बाजूला सारून कायदा मागितला. त्याचबरोबर, ज्या स्थानिक समित्यांत पाटील, इनामदार अशी नावापुरती माणसे भरलेली असतात त्या शाळांच्या पैशावर डोळसपणे देखरेख करू शकत नाहीत, हेही त्यांनी परखडपणे नोंदविले. सत्ता गावाकडे आली म्हणजे न्यायही आपोआप येतो, असा भाबडा विश्वास त्यांच्यापाशी नव्हता.

आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे व नगरपालिकांकडे सोपविण्याची शिफारस केली आणि १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात ती वाट मोकळी झाली. परंतु सक्तीची मागणी स्वीकारली गेली नाही आणि पैशाची तरतूदही तोकडीच राहिली. जबाबदारी खाली ढकलली गेली, पण तिच्याबरोबर पुरेसे साधन दिले गेले नाही. या कारभाराची ही जुनी खोड आहे.

जोतीरावांनी मात्र आपला धोशा सोडला नाही. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. उंची पोशाखातील पाहुण्यांत जोतीराव मुद्दाम साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. येथे जमलेले जडजवाहीर म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यात अर्धपोटी आहे आणि तिच्या मुलांना शिक्षणाची गरज आहे, हा निरोप राणीपर्यंत पोचवावा, अशी विनंती त्यांनी तेथे केली. लिटन यांच्या स्वागताच्या वेळी सभागृहात जी भूमिका घेतली, तीच येथे राजपुत्रासमोर मांडली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.

त्यांच्या मागणीचा प्रवास पुढे फार लांबला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि वसतिगृहांची जी परंपरा त्यांनी कोल्हापुरात उभी केली तिच्याशी आपल्यासारख्या निवासी संस्थांचे नाते आहे. १९१८ च्या मुंबई कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा दिली. जोतीरावांनी बंधन मागितले होते, छत्तीस वर्षांनी मिळाली ती परवानगी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जोतीरावांना गुरुस्थानी मानले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते याच वाटेवरचे पाऊल होते. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण राज्याच्या उद्दिष्टांत घातले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी ते मूलभूत हक्क झाले, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजल्यास एकशे सत्तावीसहून अधिक वर्षे झाली होती.

पुण्याची ती मंडई आजही उभी आहे. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने लॉर्ड रे यांचे नाव काढून तिला महात्मा फुले यांचे नाव दिले. ज्या इमारतीवर पैसा घालू नका, त्याऐवजी मुलांना शिकवा, असे जोतीरावांचे म्हणणे होते, तिच्याच माथ्यावर आज त्यांचे नाव आहे. नाव देणाऱ्यांच्या मनात आदर होता, याविषयी आम्हांस शंका नाही. पण आपण त्या नावाखालून जाताना त्यांच्या मताचीही आठवण ठेवली पाहिजे.

या स्मरणिकेच्या वाचकांत कोणी ग्रामपंचायतीचे सदस्य असतील, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतील, कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसत असतील. आपल्यासारख्या संस्था समाजाच्या वर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या कष्टावर उभ्या राहतात, त्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि, जोतीरावांचे आयुष्य असे सांगते की, आपली शाळा उत्तम चालली म्हणून गावच्या शाळेच्या गळक्या छपराकडे पाठ फिरवावयाची नसते. ग्रामसभेत खर्चाचा कागद समोर येतो, तेव्हा कमान, मंडप, सत्कार यांच्या रकमा वाचाव्यात आणि त्याच कागदावर शाळेची रक्कम शोधावी. ती दिसली नाही तर उठून विचारावे. त्या वेळी सभेत आपल्या बाजूने दुसरा हात वर झाला नाही, तरी खाली बसण्याचे कारण नाही. बत्तिसांच्या सभागृहात जोतीरावांच्या बाजूनेही दुसरा हात नव्हता.